चटका नेमका कुठे बसतो?

दूध उतू जायला आलंय, सांडशी हाताशी नाही, आणि तुम्ही पातेलं तसंच हाताने उचलायला जाता. पुढच्या सेकंद-दीड सेकंदात तीन गोष्टी घडतात. आधी हात झटकन मागे येतो. मग टोचल्यासारखा चटका जाणवतो आणि तोंडातून 'आई गं' निघतं. नळाखाली बोट धरेपर्यंत तिसरं सुरू झालेलं असतं: पसरट, रेंगाळणारी आग, जी रात्री झोपतानाही थोडी उरते.

यातला क्रम गमतीचा आहे. हात मागे आला तेव्हा अजून दुखलंच नव्हतं. 'दुखलं म्हणून हात काढला' ही आपण मागाहून स्वतःला सांगितलेली गोष्ट. खरं घडलं ते असं: बोटाच्या कातडीतून वर्दी निघाली, पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूपर्यंत पोचली, तिथल्या तिथे निर्णय झाला आणि दंडाच्या स्नायूंना हुकूम सुटला. मेंदूला नुसती नक्कल गेली. सरकारी कागदावर खाली लिहितात ना, 'प्रत माहितीस्तव', तशी. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

दोन वेदना वेगळ्या जाणवतात, कारण त्या वेगळ्या तंतूंवरून येतात. पहिली ज्या तंतूंवरून येते ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. दुसरीचे तंतू बारीक आणि फार संथ, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. बोटापासून मानेपर्यंतचं अंतर पाऊण-एक मीटर धरा. म्हणजे आपण चालतो तेवढ्याच गतीने ती आग वर चढत येते. पुढच्या वेळी ठेच लागली की बघा, आधी कळ आणि मग ठणका, मध्ये चक्क फट असते.

शाळेत फळ्यावर आकृती काढून सांगायचे की मेंदू राजा आणि बाकी शरीर प्रजा. मला ते चित्र कधी पटलं नाही. हा कारभार तालुक्या-तालुक्यातून चालतो आणि मंत्रालयाला बरंचसं उशिरा कळतं, काही तर कधीच कळत नाही. आणि कुठल्या कचेरीत काय काम चालतं हे ती कचेरी बंद पडल्याशिवाय कळत नाही. वैद्यकालाही ते असंच कळत गेलं. म्हणून इथे मी चेतासंस्था, म्हणजे मेंदू, मेरुरज्जू आणि नसा यांचा हा सगळा कारभार, तिच्या बिघाडांतून सांगणार आहे.

त्याआधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. आपण 'नस' कशालाही म्हणतो. 'मानेची नस आखडली' म्हणतो तेव्हा बहुतेकदा स्नायू आखडलेला असतो. 'नस सापडत नाही' म्हणत मनगट थोपटणारी सिस्टर रक्तवाहिनी शोधत असते. आणि 'कमरेत नस दबली आहे' असं सांगणारे डॉक्टर चेतातंतूंबद्दल, म्हणजे खऱ्या अर्थाने नसेबद्दल बोलत असतात. खरी नस ओळखायची सोपी खूण म्हणजे कोपर. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट गेल्यासारखं होतं. तिथे एक नस हाडामागून अगदी उघड्यावर जाते, तिलाच थेट फटका बसलेला असतो.

अशी नस म्हणजे सुतळीसारखा जुडगा, आत हजारो तंतू. प्रत्येक तंतू हा एकेका पेशीचा लांबलेला भाग. पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकातला ठिपका येतो, पण कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी चेतापेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. या पेशी सुट्या सुट्या आहेत की सगळ्या मिळून एकच अखंड जाळं आहे, यावर मोठा वाद होता. इटलीच्या गोल्जींनी १८७३ साली चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची युक्ती शोधली. तीच युक्ती वापरून स्पेनच्या काहाल यांनी दाखवलं की पेशी सुट्या आहेत. गोल्जींना ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि स्टॉकहोमला दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध भाषणं केली.

आता संदेश म्हणजे काय? 'नसांमधून वीज वाहते' असं सगळे म्हणतात, पण घरातल्या वायरमधून वाहते तशी ती नसते. तशी असती तर एवढी सावकाश गेली नसती. सायकल स्टँड आठवा. एक सायकल कलंडली की शेजारची पडते, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता अख्खी रांग आडवी होते. तंतूत असंच घडतं. त्याच्या भिंतीच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण वेगवेगळं राखलेलं असतं, त्यामुळे भिंतीवर सुमारे ७० मिलिव्होल्टचा ताण असतो. ही उभी केलेली सायकल. कुठे धक्का बसला की तिथली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, ताण पालटतो, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, आणि लाट पुढे पुढे जाते. हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी १९५२ साली हे गणित मांडलं, तेही स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्यावर प्रयोग करून, कारण त्याचा एक तंतू इतका जाड असतो की आत तार घालता येते.

सायकलींच्या या रांगेतून आणखी दोन गोष्टी कळतात. हलका धक्का दिला तर सायकल नुसती डुगडुगते, पडत नाही. आणि कितीही जोरात ढकललं तरी शेवटची सायकल जास्त जोराने पडत नाही. म्हणजे चटका मोठा की छोटा, हे एका संदेशाच्या ताकदीवरून कळायचा मार्गच नाही. ते कळतं सेकंदाला किती संदेश आले त्यावरून. दुसरं म्हणजे पडलेल्या सायकली कोणीतरी पुन्हा उभ्या कराव्या लागतात. ते काम पेशीतले पंप अहोरात्र करतात, आणि मुख्यतः त्यापायीच दीड किलोहूनही कमी वजनाचा मेंदू शरीराची पाचातली एक हिस्सा ऊर्जा खातो. बसल्या बसल्या, झोपेतसुद्धा.

दाताच्या डॉक्टरांचं इंजेक्शन काय करतं? मधल्या चार सायकली साखळीने खांबाला बांधून टाकतं. त्यातलं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडियमची दारं अडवतं. दात दुखत असतोच, पण ती बातमी पुढे जात नाही.

विंचू याच दारांशी उलटा खेळ करतो. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण कोकणात जीव घेतो तो लहानसा लाल. त्याचं विष तंतूंच्या भिंतीतल्या दारांच्या उघडझापीत खोडा घालतं आणि तंतू थांबायचं नाव घेत नाहीत, संदेशामागून संदेश सुटत राहतात. यात सर्वांत जास्त भडकते ती स्वायत्त चेतासंस्था. ही म्हणजे आपल्या मर्जीबाहेरची शाखा. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा आवळ, घाम, आतडी, बुबुळाचं भोक, सगळं तिच्याकडे. तिचे दोन गट. एक घाईगर्दीचा, दुसरा निवांतपणाचा. रात्री गल्लीत कुत्रं अंगावर आलं की पहिला गट सूत्रं हाती घेतो, आणि त्याची एकेक करामत मराठीने केव्हाच टिपून ठेवली आहे: छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो. पचन, लाळ वगैरे किरकोळ कामं थांबवून रक्त स्नायूंकडे वळवण्याचीच ही लक्षणं. कुत्रं निघून गेलं की दुसरा गट सगळं पूर्ववत करतो. त्याचा बराचसा कारभार व्हेगस नावाच्या एका लांबलचक नसेवर चालतो, जी मेंदूच्या देठातून निघून हृदय, फुप्फुसं करत पार आतड्यांपर्यंत पोचते. आतड्यांच्या भिंतीत तर स्वतःच्या दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. तिथलं दळणवळण मेंदूला न विचारताही चालू राहतं.

लाल विंचवाच्या विषाने घाईगर्दीचा गट असा पेटतो की विझत नाही. दरदरून घाम, गारठलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध झुंजून थकलेलं हृदय आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नोंदी ठेवत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचं ओझं उतरेल. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक स्वस्त गोळी नेमकं हेच करते. १९८६ साली त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा याबद्दलचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, ही गोळी उपचारात रुळली आणि विंचूदंशाने दगावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. स्वायत्त चेतासंस्थेचा याहून चांगला धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

मण्यारीचं विष वेगळ्या जागी काम करतं. ते कळायला आधी एक फट पाहावी लागेल. एक पेशी संपून दुसरी सुरू होते तिथे दोघी एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. सायकलींची रांग इथे संपते. मग पलीकडे निरोप कसा जातो? १९२१ साली ऑटो लोवी यांनी दोन बेडकांची हृदयं घेतली. एकाच्या व्हेगसला विजेचे झटके देऊन ते मंद केलं, आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर ओतलं. दुसरंही मंद झालं. म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन सुटत होतं. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असं लोवी सांगत. ते रसायन म्हणजे असिटिलकोलीन, आणि आपल्या नसा स्नायूंना हलायला सांगतात त्याही याच रसायनातून.

मण्यार बरोबर या फटीत घुसते. ती रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. तिच्या विषातला एक घटक नसेची टोकंच निकामी करतो. त्यामुळे प्रतिविष वेळेत मिळणं महत्त्वाचं, कारण झालेलं नुकसान ते भरून काढू शकत नाही. टोकं पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटरने श्वास देत राहावं लागतं. या सगळ्यात मेंदू मात्र शाबूत असतो. रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, मेल्यासारखा पडून असतो आणि त्याला ऐकू येत असू शकतं. खाटेशेजारी उभं राहून 'आता काही खरं नाही' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागातल्या लोकांना चेतासंस्थेचा आणखी एक भाग नाइलाजाने शिकावा लागला. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, एरवी वर्षाला लाखात एखाद्याला होणारा आजार, आणि संशयित रुग्णांचा आकडा काही आठवड्यांत दोनशेच्या आसपास गेला. दूषित पाण्याचा संशय होता, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला. जुलाबाचा आणि लुळेपणाचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला जात होता. संबंध असा की या जंतूच्या कवचावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूला मारायला निघालेली प्रतिकारशक्ती त्या साम्याला फसते आणि नसांवर तुटून पडते.

जाड, वेगवान तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणाची गुंडाळी असते, आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटे उघडे सांधे. संदेश सायकलीमागून सायकल न पाडता एका सांध्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, म्हणून त्याला सेकंदाला शंभर मीटरच्या वर वेग गाठता येतो. जीबीएसमध्ये काहींचं हे आवरण सोलवटतं, काहींचा आतला तंतूच जखमी होतो. पायाकडे जाणारे तंतू सर्वांत लांब, तेव्हा त्यांच्या वाटेत घाव बसायला जागाही जास्त. म्हणून बहुतेकदा आधी पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, आणि मग अशक्तपणा वर सरकतो. दिलासा एवढाच की मेंदू-मेरुरज्जूबाहेरच्या नसा दुरुस्त होऊ शकतात. आवरण नव्याने चढतं, आणि तुटलेला तंतूही दिवसाला साधारण एक मिलिमीटर या हिशेबाने वाढतो. हिशेब करून पाहा, गुडघ्यापासून पावलापर्यंत जायचं तर वर्ष लागतं. पेशंटला फिजिओथेरपीचा कंटाळा येतो त्यात नवल नाही. मेरुरज्जू तुटला तर मात्र ही सवलत नाही.

मेरुरज्जूबद्दल एक गैरसमज जाता जाता. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात, पण तो कण्याइतका लांब नसतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच तो संपतो, खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबत असतो. सिझेरियनच्या वेळी भुलीची सुई त्या झुबक्याच्या पातळीवर टोचतात. तेव्हा 'त्या इंजेक्शनने मेरुरज्जूच दुखावला' ही घराघरातली तक्रार शरीररचनेशी जुळत नाही.

आता मंत्रालय. मेंदूच्या देठात श्वास आणि ठोक्यांची देखरेख. ती थांबली की सगळंच संपलं. मागे, मानेच्या वर, लहान मेंदू. वजनाने एकूण मेंदूच्या दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी तब्बल ६,९०० कोटी एकट्या या कोपऱ्यात आहेत. हालचालींतला सफाईदारपणा, तोल, नेम हे त्याचं खातं. दारू चढलेला माणूस झुलतो, जीभ जड होते, त्यात बराच वाटा याच खात्याचा.

मोठ्या मेंदूत वाटण्या फार बारीक आहेत. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता, त्याला ऐकलेलं कळायचं पण तोंडातून एकच अक्षर निघायचं: 'तां'. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा. आमच्या शेजारच्या काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी हे प्रत्यक्ष पाहिलं. शरीराची उजवी बाजू गेली, कारण डाव्या मेंदूचे हुकूम देठाशी ओलांडून उजवीकडे जातात, आणि त्याच डाव्या बाजूला भाषाही राहते. त्यांना 'पाणी' म्हणता यायचं नाही. पण गणपतीत आरती सुरू झाली आणि काका सगळ्यांबरोबर कडव्यामागून कडवं म्हणू लागले. काकूंना रडू फुटलं. बोलणं आणि सुरात म्हणणं यांची खाती पूर्ण एक नाहीत, एवढंच त्यामागचं कारण; पण त्या खोलीत ते कारण कोणाला हवं होतं?

काकांना आधी 'अर्धांगवायूचं औषध देणाऱ्या' एका गावी नेलं होतं, आणि तिथे सकाळ गेली. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. तोंड वाकडं झालं, हात उचलवेना, शब्द अडखळले, तर स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं. मालिश वगैरे मग आयुष्यभर करता येते.

आठवणींचंही एकच गोदाम नाही. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतून १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काहीही लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला सांगितली. रोज ते म्हणायचे की हे आपण पहिल्यांदाच करतोय, आणि रोज त्यांचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चालायचा.

मग चटका बसतो कुठे? बोटात फोड येतो, पण वेदना मेंदूत घडते. गंमत म्हणजे खुद्द मेंदूच्या गराला वेदना कळत नाहीत, म्हणून कवटी उघडून, रुग्णाशी गप्पा मारत शस्त्रक्रिया करता येते. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी अशाच शस्त्रक्रियांत मेंदूच्या पृष्ठभागावर अख्ख्या शरीराचा नकाशा शोधला, ज्यात ओठ आणि बोटं अवाढव्य आहेत आणि पाठ चिमुकली.

हात कापला गेला तरी नकाशावरचा हात पुसला जात नाही. अशा अनेकांना नसलेला हात जाणवतो. काहींना तर त्याची मूठ इतकी घट्ट वळल्यासारखी वाटते की नखं तळव्यात रुततात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी एका खोक्यात उभा आरसा बसवला. रुग्णाने धडधाकट हात आत घालायचा आणि आरशात पाहत मूठ उघडायची. हरवलेला हात उघडताना दिसला आणि काहींची रुतलेली नखं सुटली. एक रुग्ण ते खोकं घरी घेऊन गेला आणि तीन आठवडे सराव करत राहिला. मग त्याने कळवलं की नसलेला हात आता नाहीसा झाला आहे. कोपरच उरलं नाही, तेव्हा कोपराचं दुखणंही थांबलं. बोटं मात्र आहेत, खांद्याला लागून.